बाल अत्याचाराचे जोखीम घटक

बालकावर अत्याचार होण्याची किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता वाढवणाऱ्या परिस्थितीस बाल अत्याचाराचे जोखीम घटक म्हणतात. हे घटक गुन्ह्याचा पुरावा नव्हेत. कोणत्या बालकाला आधी आधार हवा, हे ते दर्शवतात.

स्वरूप

बालकाचे अल्प वय व अपंगत्व, पालकांचे व्यसन, घरातील हिंसा, दारिद्र्य आणि समाजापासून तुटलेपण हे प्रमुख घटक होत. अनेक घटक एकत्र आल्यास धोका वाढतो. विश्वासू नातलग व शाळेतील नियमित उपस्थिती यांमुळे तो घटतो.

यंत्रणेतील विलंब

यंत्रणेचा विलंबही जोखीम वाढवतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये भंडारा जिल्ह्यातील मुरमाडी (तालुका लाखनी) येथे बेपत्ता झालेल्या तीन अल्पवयीन बहिणींचे मृतदेह विहिरीत आढळले. पोलिसांच्या दिरंगाईचा आरोप करीत ग्रामस्थांनी राष्ट्रीय महामार्ग रोखला. त्याच वर्षी मे महिन्यात एका स्वतंत्र याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बालक बेपत्ता झाल्याच्या प्रत्येक तक्रारीवरून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

कायदेशीर कर्तव्य

पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असल्यास पोलिसांना कळवणे आवश्यक आहे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.