विश्रांतीकडून हालचालीकडे : श्वानांच्या अस्थिशस्त्रक्रियोत्तर उपचारांचा इतिहास

मोडलेले हाड सांधणे आणि मोडलेला पाय पुन्हा चालू लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. श्वानांच्या अस्थिशल्यचिकित्सेचा आधुनिक इतिहास पाहू जाता, यांपैकी पहिलीकडे प्रथम लक्ष गेले आणि दुसरीची जाणीव बऱ्याच उशिरा झाली, असे दिसून येते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात विश्रांती हा अस्थिचिकित्सेचा मूलमंत्र मानला जाई. जॉन हिल्टन यांची विश्रांतीविषयक व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ह्यू ओवेन टॉमस यांनी अखंड व दीर्घ विश्रांतीचा पुरस्कार केला. फ्रान्समध्ये ल्युका-शाम्पिओनिएर यांनी १८९५ च्या सुमारास मर्दन व लवकर हालचाल यांचा विरोधी पक्ष मांडला खरा. परंतु प्राबल्य विश्रांतिवादाचेच राहिले. मनुष्य आज्ञा पाळून पडून राहू शकतो. श्वान तसे करीत नाही. तो बांधलेले प्लॅस्टर कुरतडतो. शिवाय मांडीचे हाड मोडल्यास वरचा खुब्याचा सांधा प्लॅस्टरमध्ये स्थिर करणे जवळजवळ अशक्य असते.

या अडचणीतूनच अमेरिकन पशुवैद्य ओटो स्टेडर यांचे उपकरण जन्मास आले. हाडात पिना बसवून त्या बाहेरून दांड्याने जोडावयाच्या आणि सांधे मोकळे ठेवावयाचे, ही त्यांची रीत. तिचे प्राथमिक निवेदन १९३७ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी ती मानवी रुग्णांवर योजली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलानेही तिचा अवलंब केला. श्वानांसाठी शोधलेला उपाय अशा रीतीने मानवी वैद्यकात गेला.

१९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ या शल्यचिकित्सकांच्या गटाने हालचालीस तात्त्विक अधिष्ठान दिले. दीर्घ निश्चलतेमुळे स्नायू झिजतात व सांधे आखडतात. या अवस्थेस ‘अस्थिभंगरोग’ असे नाव मिळाले. वाढत्या वयाच्या पिल्लाच्या मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडले असता मांडीचा पुढचा स्नायू हाडास चिकटून गुडघा ताठ राहतो. हाड उत्तम जुळूनही पाय निकामी होतो. १९६९ साली या गटाची पशुवैद्यकीय शाखा निघाली. तथापि तिचा भर हाड पक्के बसविण्यावर होता. त्यानंतरचा व्यायाम बहुधा श्वानाच्या स्वतःच्या वळणावर आणि मालकाच्या दक्षतेवर सोपविला जाई. हाड जुळल्याचे क्ष-किरणचित्र हाती आले की उपचार संपला, असे मानण्याकडे कल होता. तीन पायांवर सहज धावणाऱ्या प्राण्याचे उणेपण डोळ्यांस चटकन दिसतही नाही.

पद्धतशीर पुनर्वसनाचा विचार १९९० नंतरच बळावला, आणि या वेळी ज्ञानाचा प्रवाह उलट, मानवी फिजिओथेरपीकडून श्वानांकडे, वाहिला. आरंभी शेक-थंडाव्याचे उपचार व सांध्यांची हलक्या हाताने हालचाल, मग पट्ट्याला धरून संथ चालणे, बसून उठण्याचा व्यायाम आणि पाण्यातील चालपट्टा, असा क्रम रूढ झाला. पाणी खुब्यापर्यंत असता पायांवरील भार बाहेरच्या केवळ ३८ टक्के उरतो, असे २०१० मधील मोजणीत आढळले. गुडघ्यातील क्रुसिएट अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झालेल्या ५१ श्वानांच्या २००२ मधील अभ्यासात, पुनर्वसन लाभलेल्या गटाचा दुखरा पाय सहा महिन्यांनी निरोगी पायाइतका भार घेऊ लागला होता. केवळ बंधनात ठेवलेल्या गटाचा पाय मागे राहिला. पुढील सर्व अभ्यासांचे निष्कर्ष इतके अनुकूल नाहीत; कोणता व्यायाम, केव्हा व किती, हा वाद संपलेला नाही. २०१० साली अमेरिकेत ही विद्या पशुवैद्यकाची स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता पावली.

तात्पर्य, हालचालीस वाव देणारे साधन १९३७ मध्येच उपलब्ध होते. हालचाल हाच उपचार होय, हे मान्य होण्यास मात्र आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. या दिरंगाईचे कारण साधनांच्या अभावात नव्हे, तर ‘बरे होणे’ या शब्दाच्या संकुचित अर्थात शोधावे लागते.