स्मार्टवॉच हृदयाचे ठोके चुकीचे दाखवत असेल तर काय करावे?

स्मार्टवॉचच्या मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश ठोके मोजण्यासाठी असतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते आणि परत येणाऱ्या प्रकाशातला फरक सेन्सर टिपतो. म्हणूनच पट्टा सैल असेल, सेन्सरवर घाम-मळ साचला असेल, त्या जागी गडद टॅटू असेल किंवा हात गार पडला असेल, तर आकडे चुकतात.

हे करून पाहा:

१. सेन्सर मऊ कापडाने पुसून कोरडा करा.
२. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडे वर, हलणार नाही पण रुतणारही नाही असे बांधा.
३. ॲप अपडेट करून घड्याळ रीस्टार्ट करा.
४. पाच मिनिटे शांत बसा. दोन बोटांनी मनगटावरची नाडी ३० सेकंद मोजून दुप्पट करा आणि घड्याळाशी ताडून पाहा. विश्रांतीत प्रौढांचे ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असतात.

महत्त्वाचे: छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर येणे असा त्रास होत असेल, तर घड्याळातला आकडा नॉर्मल असला तरी थांबू नका. ठोके नॉर्मल असतानाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी लगेच १०८ वर फोन करा.