पेटीचें माहेर आणि सासर

परक्या संस्कृतींत जन्मलेलें वाद्य हातीं घेणारानें ती संस्कृतीही अंगीकारावी काय, असा प्रश्न वारंवार निघतो. त्याचें उत्तर शोधण्यास मला माझ्या आचऱ्याहून दूर जाण्याचें कारण पडत नाहीं. मालवणच्या या किनाऱ्यावर जत्रेच्या रात्रीं दशावतार उभा राहतो, तेव्हां मृदंग व झांज यांच्या जोडीस पेटी असतेच. आणि ती परकी आहे असें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

वस्तुतः तिचें माहेर फ्रान्स. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यानें ती घडविली. मिशनऱ्यांनीं ती प्रार्थनेसाठीं इकडे आणिली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं मांडी घालून वाजवितां येईल असें तिला रूप दिलें. पुढें मराठी रंगभूमि हें तिचें सासर झालें. ‘मानापमाना’स (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीचे थोर वादक झाले, ते चर्चमधील स्तोत्रें घोकून नव्हे, तर भास्करबुवा बखले यांची साथ करून व अल्लादियाखांसाहेबांची गायकी कानांत सांठवून.

तरीही १९४० च्या मार्चमध्यें रेडिओनें पेटीस दार बंद केलें. तें १९७१ सालीं उघडलें, तेंही अर्धेंच. आक्षेप दोन होते. ती परदेशी, हा पहिला. परंतु व्हायोलिनही परदेशीच. त्यास मज्जाव झाला नाहीं, कारण त्याच्या तारेवर मींड निघते. पेटीचे सूर ठरलेले, मींड व श्रुति तींत नाहींत, हा दुसरा आक्षेप मात्र खरा. पण गवई मींड घेत असतां कोणता सूर सोडावा व भाता केव्हां आवरावा, हें जाणत्या वादकास कळतें. ही दृष्टि न ठेवल्यामुळें तीस वर्षें कसलेले साथीदार रेडिओच्या मानधनास आणि मानास मुकले.

तात्पर्य, वादकानें वाद्याच्या जन्मभूमीचा आचार पत्करावा असें नाहीं. ज्या गाण्याची साथ करावयाची त्याची शिस्त मात्र त्यानें पत्करलीच पाहिजे. शेजारच्या गोव्यांत घुमट हें मातीचें वाद्य हिंदूंच्या आरतीस व ख्रिस्ती घरांतील मांडोस सारखीच साथ देतें. उद्यां कोणी परदेशी तरुण मृदंग शिकावयास आमच्याकडे आला, तर त्याचें दैवत विचारूं नये. राजाचें पात्र प्रवेश करितांना ठेका कसा बदलतो, एवढें त्यास विचारावें.