वृद्ध फ्रँकलिन आणि अमेरिकेची राज्यघटना

१७८७ सालीं फिलाडेल्फियाच्या घटना-परिषदेंत जे ५५ प्रतिनिधि बसले, त्यांत बेंजामिन फ्रँकलिन हा सर्वांत वडील. वय ८१, त्यांत मूतखड्याची व्यथा. गाडीचे हिसके सोसवत नसल्यामुळें त्याला मेण्यासारख्या बंद खुर्चींतून सभागृहीं आणीत, व ती वाहण्यास तुरुंगांतील कैदी असत, असें सांगतात. उभें राहून फार वेळ बोलणें झेपत नसे. म्हणून मोठीं भाषणें तो लिहून आणी आणि जेम्स विल्सन तीं वाचून दाखवी.

कलमांच्या हिशेबानें पाहूं गेल्यास त्याच्या पदरांत फारसें पडलें नाहीं. विधिमंडळ एकच असावें, राज्यकारभाराची सूत्रें एकाच हातीं नसावींत, मुख्याधिकाऱ्यानें वेतन घेऊं नये, हीं त्याचीं मतें सभेनें आदरानें ऐकिलीं आणि आदरानेंच बाजूस ठेविलीं! बैठकीच्या आरंभीं ईश्वरप्रार्थना करावी ही २८ जूनची सूचना तर मतासहि पडली नाहीं. मात्र लहानमोठ्या राज्यांचा तंटा मिटविणाऱ्या समितींत त्याचा हात होता.

त्याचें खरें काम १७ सप्टेंबरचें. या घटनेंतील कित्येक गोष्टी आपणांस पसंत नाहींत. परंतु वय वाढतें तसतसा स्वतःच्या निर्णयाविषयींचा संशयहि वाढतो, अशा आशयाचें त्याचें भाषण विल्सननें वाचलें. पुढें सह्यांचा मसुदा आला: उपस्थित ‘राज्यांच्या’ एकमतानें. व्यक्तींचें एकमत नव्हतेंच; मेसन, रँडॉल्फ व गेरी यांनीं सही नाकारली, ३९ जणांनीं केली. हा शब्दच्छल गव्हर्नर मॉरिसचा. पण तो म्हाताऱ्याच्या तोंडून आल्यास पचेल, हें त्या धूर्तानें ओळखलें होतें.

पण या एकीची किंमत कोणीं दिली? प्रतिनिधित्वासाठीं पांच गुलामांची गणना तीन माणसांइतकी झाली, आणि गुलामांच्या आयातीस १८०८ पर्यंत अभय मिळालें. फ्रँकलिन त्याच वेळीं पेन्सिल्व्हेनियांतील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष होता. तरी त्यानें सही केली. माझ्या मतें, संघ मोडूं नये म्हणून त्यानें जाणूनबुजून तोंड मिटलें. हें मौन त्यानें शेवटपर्यंत मात्र पाळलें नाहीं. फेब्रुवारी १७९० मध्यें त्याच्या सहीचा गुलामगिरीविरुद्धचा अर्ज काँग्रेसपुढें आला. राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेंत हात घालण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें प्रतिनिधिगृहानें ठरविलें. जॉर्जियाच्या जॅक्सननें गुलामगिरीचें समर्थन केलें, तेव्हां फ्रँकलिननें तेच युक्तिवाद ख्रिस्ती गुलाम बाळगणाऱ्या एका कल्पित अल्जेरियन मुत्सद्द्याच्या मुखीं घालून वर्तमानपत्राकडे धाडले. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वींच, १७ एप्रिल रोजीं, तो वारला.