मोटारीचा गडगडाट आणि ब्रुकलँड्‌सचे शेजारी

वेगवान मोटारीच्या शौकिनाला तिची गर्जना प्रिय असते. तीच गर्जना शेजाऱ्याची झोप उडविते. या दोघांमधील तंटा मोटारीइतकाच जुना आहे. तो कसा मिटवितां येतो, याचा उत्तम धडा इंग्लंडांतील ब्रुकलँड्‌स या शर्यतीच्या मार्गाच्या इतिहासांत सांपडतो.

सरे परगण्यांत वेब्रिज गांवाजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदारानें स्वतःच्या पैशानें काँक्रीटचा हा मार्ग बांधविला. त्याचा एक फेरा सुमारें पावणेतीन मैलांचा. जून १९०७ मध्यें मार्ग खुला झाला, आणि त्याच महिन्याच्या २८ व २९ तारखांस सेल्विन एज यानें आपली नेपियर मोटार सलग चोवीस तास पळवून सुमारें १,५८१ मैल मजल मारली. विक्रम झाला खरा. परंतु रात्रभर चाललेल्या घरघराटानें आसपासचे रहिवासी संतापले, आणि पुढें तेथें रात्रीच्या शर्यतींस मनाई झाली. म्हणूनच १९२९ सालीं चोवीस तासांची शर्यत भरली, ती ‘डबल ट्वेल्व्ह’ या नांवानें, बारा-बारा तासांचे दोन तुकडे करून. मधल्या रात्रीं मोटारी कुलपांत बंद राहिल्या.

दिवसाचा गोंगाट मात्र उरलाच होता. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९२० नंतरच्या दशकांत ब्रुकलँड्‌सवर पळणाऱ्या मोटारींना ठराविक घडणीचा सायलेन्सर सक्तीचा झाला. एक फुगीर पेटी आणि तिच्या टोंकाला माशाच्या शेपटीसारखी चपटी, पसरट नळी, असें त्याचें रूप होतें.

या पेटीचें काम समजण्यास सोपें आहे. सिलिंडरची झडप उघडतांच जळलेला वायु दाबासह नळींत उसळतो. अशा धक्क्यांची मालिका म्हणजेच मोटारीचा आवाज. पेटींत वायूला पसरावयास जागा मिळते, धक्के बोथट होतात, आणि आवाज मंदावतो. पेटी बेताची नसली तर वायु अडून शक्ति घटते, हें खरें; म्हणून शर्यतवाले कुरकुरले. त्यांना उत्तर मिळालें तें मार्गावरच. ७ ऑक्टोबर १९३५ रोजीं जॉन कॉब यानें नेपियर-रेल्टन मोटारींतून ताशीं १४३.४४ मैल वेगानें फेरा पुरा केला. सायलेन्सर बसविलेल्या त्या मोटारीचा हा उच्चांक तेथें पुन्हां कोणीही मोडला नाहीं. मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ति, हा समज त्या दिवशीं खोटा ठरला.

गंमत अशी, कीं आवाज दाबण्यासाठीं जन्मलेली ती माशाची शेपटी पुढें रस्त्यावरच्या मोटारींवर शौकाचें भूषण होऊन बसली!

आवाजाची हौस त्यामुळें संपली नाहीं. कित्येक जुन्या मोटारींत चालकाच्या पायाशीं एक खटका असे. तो दाबला कीं वायु सायलेन्सर टाळून थेट बाहेर पडे. आजच्या कांहीं स्पोर्ट्‌स मोटारींत याच युक्तीचें सुधारलेलें रूप आढळतें. नळींतील झडप मंद गतींत मिटलेली राहते व वेग वाढवितांना उघडते. पण दोन्ही वाटांनीं जाणारा आवाज कायद्याच्या मर्यादेंत बसवावा लागतो. आवाज वाढविण्याचा सुरक्षित मार्ग हाच: सायलेन्सर काढून न टाकतां त्याची घडण बदलणें.

हौसेपायीं नळी कापणाऱ्याला धोका आवाजाचा नसून वायूचा असतो. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. सांधा सैल राहिला किंवा नळी बसणाऱ्यांच्या खालींच संपली, तर हा विषारी वायु न कळतां आंत शिरतो. तापलेली नळी पेट्रोलच्या नळीजवळ आली तर आगीचें भय. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला, तर बाहेरची हवाहि बिघडते.

ब्रुकलँड्‌सवरील शर्यती १९३९ सालीं युद्धामुळें थांबल्या, त्या कायमच्या. तोंपर्यंत तेथील चालकांनीं एक गोष्ट सिद्ध केली होती: शेजाऱ्याच्या झोपेचा मान राखूनहि विक्रम करतां येतात.