३ सप्टेंबर : टेक्सासमधलं जर्मन गाव

१८५४ : अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये अर्न्स्ट हर्मन आल्टगेल्ट यांनी कम्फर्ट गाव वसवलं. रहिवासी जर्मन स्थलांतरित, त्यातले बरेच धर्मसंस्थेला न जुमानणारे. पहिलं चर्च उभं राहायला १८९२ उजाडलं! दुकानं मात्र आधीच थाटली गेली होती. ऑगस्ट फाल्टिन आणि पीटर इंगेनह्यूट हे गावातले बडे व्यापारी. दोघांच्याही दगडी दुकानांचे आराखडे वास्तुविशारद आल्फ्रेड जाइल्स यांचे. १८८७ मध्ये सॅन अँटोनियोहून रेल्वे आली आणि गाड्या जुंपून माल आणण्याची दगदग संपली. अमेरिकन यादवी युद्धात संघराज्याशी एकनिष्ठ राहिल्यामुळे मारल्या गेलेल्या जर्मनांचं स्मारक गावाने १८६६ मध्येच उभारलं, तेही संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या भूमीवर. त्यावरची अक्षरं जर्मन आहेत.