काका बाप्टिस्टा : श्रद्धा आणि राजनिष्ठा

प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी आपल्या धर्मग्रामांत बोलले जाऊ लागले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65). त्याच्या कितीतरी आधी माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेल्या एका प्रापंचिकाने ते आचरून दाखविले होते. जोसेफ बाप्टिस्टा हे त्यांचे नाव. मुंबईकर त्यांना 'काका' म्हणत. जन्म 17 मार्च 1864, घराणे मूळचे उत्तनचे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व पुढे केंब्रिज असे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले.

काकांचे मोल कळावयाचे तर त्यांच्या समाजाची त्या काळची मनःस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई, साष्टी व वसईकडील मूळ रहिवासी कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. कंपनी सरकारच्या पदरी आपण पहिल्यापासून चाकरी केली, याचे ते स्मरण होते. त्यात केवळ लाचारी पाहणे आम्हांस अन्यायाचे वाटते. सरकारी नोकरीवर कित्येक घरांची चूल पेटत होती. परंतु पोटाची निष्ठा हळूहळू अंतःकरणात उतरते. अशा वेळी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयीचा, फार सोयीचा ठरतो. प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा, ज्यात पेत्र न्यायसभेपुढे उभा राहतो, तो मात्र वाचावयाचा राहून जातो.

राजद्रोहाच्या कायद्यात सरकारविषयी 'अप्रीती' पसरविणे हा गुन्हा होता. 1897 च्या टिळक खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तर अप्रीती म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. वाचकहो, हा अर्थ क्षणभर मनात घोळवून पाहा. राज्यकर्त्याला कर मिळतो, आज्ञापालनही मिळते; त्यावर त्याला प्रेमही हवे आणि ते न दिल्यास तुरुंग! अंतःकरणाची ही मागणी परमेश्वराखेरीज कोणी करू नये, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूलही जाणते. सरकारने भक्ती मागितली की श्रद्धावान माणसानेच प्रथम हरकत घ्यावयास हवी.

1908 साली टिळकांवर पुन्हा हाच आरोप आला, तेव्हा त्यांच्या बाजूच्या वकिलांत बाप्टिस्टा होते. ज्यूरीत नऊ जण, सात युरोपीय व दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि 22 जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडू लागल्या. सहा वर्षांसाठी सहा दिवस, असा तो संप. सैन्य आले, गोळीबार झाला, माणसे मेली. ज्यांना 'केसरी'चे अक्षरही वाचता येत नव्हते असे कितीतरी जण त्या संपात होते.

टिळक आणि बाप्टिस्टा यांचे सख्य आज सोपे वाटते, तसे ते नव्हते. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य ओढवले होते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर 'केसरी'ने केलेली टीका ख्रिस्ती मनाला बोचणारी होती, आणि आमच्या मते ती सर्वस्वी न्याय्यही नव्हती. तरीही एप्रिल 1916 मध्ये बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपदी हा माझगावचा कॅथलिक होता. चिटणीस होते न. चिं. केळकर. या मैत्रीसाठी कोणालाच आपला धर्म दाराबाहेर काढून ठेवावा लागला नाही.

1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले. गिरगाव चौपाटीवर त्यांना अग्नी दिला गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 31 ऑक्टोबरला, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष होते, तर उभारणी करणाऱ्यांत ना. म. जोशींसमवेत काका होते. पुढच्या वर्षी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरियाला भरलेल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. 1924 मध्ये जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

परळ-लालबागच्या गिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस 1911 च्या कायद्याने बारा तासांवर आला आणि 1922 च्या कायद्याने अकरावर. बारा तास हीच तेव्हा सुधारणा होती! पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्येच 'रेरुम नोव्हारुम' या पत्रातून कामगाराचे न्याय्य वेतन आणि संघटना करण्याचा हक्क मांडला होता. देवाच्या प्रतिमेपुढे गुडघे टेकायचे आणि त्याच्याच प्रतिरूपात घडविलेल्या माणसाला साच्यापाशी झिजू द्यायचे, ही कोणती भक्ती? काकांनी लेखणीपेक्षा युनियनच्या कामातून हा प्रश्न विचारला.

1925 मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. 1930 साली त्यांचे निधन झाले व शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते विसावले. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. तेथून पूर्वेला गोदी दिसते; पायथ्याशी डॉकयार्ड रोडच्या स्थानकावर लोकलमधून उतरून माणसे कामाला जातात.